घरपण आणि 'व्यक्तिमत्त्व'

'कमी खर्चात घराला व्यक्तिमत्त्व द्या' हा पुरवण्यांचा आणि चित्रफितींचा आवडता उपदेश आहे. वरवर तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. एक, बेताच्या मिळकतीच्या घराला मुळात व्यक्तिमत्त्व नसते. दोन, ते बाजारातून आणून भिंतीवर ठोकता येते. ही दोन्ही गृहीतके खोटी आहेत. साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ती खोडून काढावीत याचे कारण असे, की हा दोष मूलतः वाचनाचा आहे. ज्या घराला 'व्यक्तिमत्त्व नाही' असे आपण म्हणतो, ते घर बहुधा आपल्याला वाचता आलेले नसते.

उदाहरणासाठी लोणंद घेऊ. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातले, पुणे-मिरज लोहमार्गावरचे, कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्कामी येते. अशा गावात घर आवरण्याला पंचांगातला एक मुहूर्तच असतो. ओटा धुवायचा, जळमटे काढायची, दारात रांगोळी घालायची, आणि मुख्य म्हणजे सामान भिंतीशी सारून चार अनोळखी माणसे पाठ टेकू शकतील एवढी जागा मोकळी करायची. सजावटीच्या उपदेशात नेमके हेच नसते. तिथे प्रश्न असतो, 'या खोलीतून मी कसा दिसतो?' पालखीच्या वाटेवरच्या घराचा प्रश्न असतो, 'या खोलीत आणखी कोण मावेल?' दुसऱ्या प्रश्नातून आकाराला आलेल्या घराला व्यक्तिमत्त्व नाही असे म्हणायला धाडसच हवे.

आता आतल्या वस्तू पाहू. जुनी लुगडी, धोतरे, पोरांचे विटलेले सदरे यांची शिवलेली वाकळ. बारदानाचे पायपुसणे. मांडणीवर उतरत्या क्रमाने लावलेली भांडी. आणि त्या भांड्यांवर ठोकून घातलेली नावे: कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या साली दिले. मराठी घरातली मांडणी हा अक्षरशः वाचण्याचा मजकूर आहे. लग्ने, बारशी, वास्तुशांती, दुरावलेली माहेरे असा एका कुटुंबाचा अर्धा इतिहास तिथे स्टीलवर आणि पितळेवर टिंबाटिंबांनी लिहिलेला असतो. कथेतल्या घरातल्या तडा गेलेल्या आरशावर परिसंवादात दहा मिनिटे बोलणारे आपण, शेजारच्या घरातली ही मांडणी मात्र 'पसारा' म्हणून नजरेआड करतो. हा दुटप्पीपणा नव्हे काय?

भिंतीचेही तसेच. स्वस्त छापील चित्रांना नाक मुरडण्याची आपली परंपरा जुनी आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि ज्यांना तैलचित्र विकत घेणे स्वप्नातही शक्य नव्हते त्यांच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. ती चित्रे बाजारू म्हणून हिणवली गेली. आज तेच कागद संग्राहक जपून ठेवतात. चित्र तेच राहिले, फक्त ते कोणाच्या भिंतीवर आहे ते बदलले. अभिरुची ही वर्गाची खूण असते, हे पिएर बुर्द्यू यांनी फ्रान्समधल्या समाजाविषयी १९७९ साली सविस्तर मांडले. मळवलीचा छापखाना तेच आपल्याला त्याआधी कितीतरी वर्षे सांगत होता.

याहून मोठे उदाहरण १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचे आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतून देवादिकांच्या तसबिरी उतरल्या आणि त्या जागी बुद्ध व बाबासाहेब आले. खर्च एका चौकटीचा आणि एका खिळ्याचा. शतकांची अवहेलना नाकारण्याचा निर्णय त्या एका भिंतीवर उमटला होता. ज्याला त्या तसबिरीत केवळ 'भडक रंगांचे कॅलेंडर' दिसते, त्याने सौंदर्यशास्त्र शिकवू नये.

उपदेशकांइतकाच दोष सुशिक्षित रसिकांचाही आहे. त्यांना स्वस्त नक्कल नको असते. त्यांना 'अस्सल' हवे असते. मग वाकळ अंगावरून निघून दिवाणखान्याच्या भिंतीवर जाते. वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनींनी लिहिलेला चौक उशीच्या अभ्र्यावर येतो. वस्तू वाचली, असे आपण समाधान मानतो. पण जिच्या हातचे ते काम, तिचे नाव कुठेच नसते. असते ते फक्त 'पारंपरिक' हे विशेषण. नाव पुसून केलेला गौरव हाही एक प्रकारचा अपहारच आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: हे दारिद्र्याचे उदात्तीकरण झाले. आक्षेप गंभीर आहे, म्हणून स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. शेणाने सारवलेली जमीन डोळ्यांना सुंदर दिसते. पण सारवणारी बाई गुडघ्यांवर असते. तिने पैसे साठवून चकचकीत फरशी बसवली, तर तो तिचा सौंदर्यविचारच आहे. त्यात तिच्या गुडघ्यांचा विचार आहे इतकेच. 'मातीचे घर किती छान होते' असा गळा काढणाऱ्यांत सारवणाऱ्या बायका सहसा नसतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले. एवढ्या जागेत चूल, अंथरुणे, दप्तरे आणि देव मावायचे. तिथे कोनाडा नसला तरी खिळा ठोकला जातो, खिळ्याला पिशवी लागते, पिशवीवर तोरणाचे मणी येतात. टंचाई चांगली असते असे मुळीच नाही. टंचाईतही माणूस निवड करतो, आणि त्या निवडीला अभिरुची म्हणण्यास आपण कचरतो, एवढेच म्हणणे आहे.

तेव्हा ज्यांना कमी पैशांत घर सजवायचे आहे त्यांना उपदेशाची गरज नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आले आहेत. गरज आहे ती आपल्याला, वाचक म्हणवणाऱ्यांना. कादंबरीतल्या खोलीकडे जेवढ्या सावकाश पाहतो, तेवढ्या सावकाश लोणंदच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घराकडे पाहावे. भांडे हाती घेऊन त्यावरचे नाव वाचावे. वाकळेतला तो निळा तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे विचारावे. ज्याला एवढे विचारण्याचीही इच्छा नाही, त्याने निदान त्या घराला व्यक्तिमत्त्व नाही असा निवाडा देऊ नये.