डुकरं राखणारा नायक

मुलांनो, कादंबरीचा नायक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? उंचापुरा राजपुत्र, कमरेला तलवार, खाली पांढराशुभ्र घोडा. होय ना? मग आजच्या आपल्या नायकाला भेटा. त्याचं नाव टॅरन. आईवडील कोण ते ठाऊक नाही. काम काय, तर हेन वेन नावाच्या एका डुकरिणीची देखभाल करायची! मला काहीतरी मोठं व्हायचंय, म्हणून तो सारखी भुणभुण करतो. शेवटी त्याला सांभाळणारा कॉल त्याला एक हुद्दा देऊन टाकतो : सहायक वराहपाल. हुद्दा मिळाला, काम तेच राहिलं! (मोठ्या माणसांच्या नोकरीतही असं होतं बरं का. घरी विचारून बघा.)

ही हेन वेन साधीसुधी डुकरीण नाही, तिला भविष्य कळतं. एके दिवशी ती घाबरून कुंपणाबाहेर पळते, टॅरन तिच्यामागे रानात धावतो आणि गोष्ट सुरू होते. पुस्तकाचं नाव 'द बुक ऑफ थ्री'. ते १९६४ साली निघालं. त्यापुढे दरवर्षी एक, अशी १९६८ पर्यंत एकूण पाच पुस्तकं आली. त्या पाचांना मिळून 'प्रिडेनची बखर' म्हणू या. लेखक लॉइड अलेक्झांडर. ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून प्रशिक्षणासाठी ते काही काळ वेल्समध्ये होते. तिथले डोंगर, किल्ले आणि ती अवघड नावं त्यांच्या मनात घर करून बसली.

आता वेल्स म्हणजे काय? इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला डोंगराळ देश. तिथली वेल्श भाषा ही केल्टिक भाषा. केल्ट हे युरोपातले प्राचीन लोक. तुम्ही 'अॅस्टेरिक्स'ची चित्रपुस्तकं पाहिली असतील, तर त्यातले गॉल म्हणजे केल्टच. आयर्लंड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, वेल्स आणि फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत इथे त्यांच्या भाषा आजही कानावर पडतात. त्यांच्या कथा आधी तोंडपाठ सांगितल्या जायच्या आणि फार उशिरा, मध्ययुगात, कागदावर उतरल्या. वेल्समधल्या अशा कथांच्या संग्रहाला 'मॅबिनोगियन' म्हणतात. लेडी शार्लट गेस्ट या इंग्रज बाई वेल्श शिकल्या आणि १८३८ पासून त्यांनी या कथांचं इंग्रजी भाषांतर टप्प्याटप्प्यानं छापलं. त्यांना दहा मुलं होती, हेही सांगून ठेवते. 'वाचायला वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी!

'मॅबिनोगियन'मध्ये एक जादूची काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करायची काहील तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, तसंच मोठं भांडं डोळ्यांपुढे आणा. त्यात मेलेला योद्धा टाकला की दुसऱ्या दिवशी जिवंत होऊन लढायला उभा! फक्त त्याची वाचा गेलेली असते. अलेक्झांडर यांनी हीच काहील उचलली आणि 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हे दुसरं पुस्तक लिहिलं. त्यातली काहील दुष्टांच्या हाती पडली आहे आणि ती मुके सैनिक बनवते आहे. ती फोडायची कशी? घणानं फुटत नाही. एका जिवंत माणसानं स्वतः होऊन तिच्यात उतरायला हवं, आणि उतरलेला माणूस परत येणार नाही. आता कोण उतरणार? मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की वाचताना माझा अंदाज साफ चुकला, आणि त्या माणसाबद्दल आधी जे वाईटसाईट वाटलं होतं ते सगळं पुन्हा तपासून बघावं लागलं.

(या नावाचा डिस्नेचा एक कार्टूनपट १९८५ साली आला. त्यात पहिल्या दोन पुस्तकांचं कडबोळं केलंय. तो पाहून 'कळली गोष्ट' असं म्हणू नका.)

टॅरनचे सोबतीही झकास. आयलॉन्वी ही राजकन्या कुणाला बोलण्यात हार जात नाही. केसाळ गर्गीला सदा भूक लागलेली. आणि माझा सगळ्यांत लाडका फ्ल्यूधर फ्लॅम. हा खरं तर राजा, पण राज्य सोडून गाणी गात भटकतो. भाटांच्या परीक्षेत नापास झालेला! त्याच्याकडे एक हार्प आहे, आपल्या वीणेची लांबची बहीण समजा. फ्लॅमनं थाप मारली की तिची एक तार तुटते, टणकन! बिचाऱ्याचा अर्धा वेळ तारा जोडण्यात जातो.

पण पाचांतलं एकच वाचायला मिळणार असेल तर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी चौथं सांगेन : 'टॅरन वाँडरर', १९६७. यात मोठी लढाई नाही. टॅरन आपले आईवडील शोधायला निघतो. त्याला मनातून वाटत असतं, की आपण कुणातरी सरदाराचे पुत्र निघावं. तसं निघालं तर आयलॉन्वीला मागणी घालता येईल, लोक मान देतील. वाटेत जो भेटेल तो विचारतो, तू कुणाचा? कुठल्या घराण्यातला? मुलांनो, हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे ना? नवीन मुलगा वर्गात आला की आपण नाव विचारतो, आणि लगेच पुढचा प्रश्न असतो, 'आडनाव काय?' उत्तर ऐकून कुणी शेजारी सरकून बसतं, कुणी लांब सरकतं. मी वर्गात उभी असते, मला दिसतं ते.

टॅरनला उत्तर देता येत नाही. मग तो कामं शिकतो. लोहाराकडे भाता चालवून तलवार घडवतो. विणकरीण आजीकडे अंगरखा विणतो. दोन्ही जमतात, पण मन रमत नाही. मग येतो कुंभाराकडे, ॲनलॉ त्याचं नाव. चाकावर ओली माती फिरू लागते आणि टॅरनला वाटतं, हेच! हेच आपलं काम! तो जीव ओतून मडकी करतो. आणि तिथेच त्याला कळतं, की त्याच्या हातात ती कला नाही. ज्याची सर्वांत जास्त ओढ, तेच नेमकं येत नाही. ॲनलॉ गोड बोलून वेळ मारून नेत नाही. खोटी शाबासकीही देत नाही. ही पानं मी पुनःपुन्हा वाचते. कारण चित्रकलेच्या तासाला जीव तोडून चित्र काढणारं आणि तरी बक्षीस न मिळणारं मूल दरवर्षी माझ्यासमोर बसलेलं असतं. टॅरन पुढे एका आरशापर्यंत पोहोचतो. माणूस खरा कोण ते तो आरसा दाखवतो म्हणे. त्यात काय दिसलं ते पुस्तकातच बघा.

शेवटच्या 'द हाय किंग'ला १९६९ साली न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकाला मिळणारा हा फार मानाचा पुरस्कार आहे.

वेल्सचीच आणखी दोन पुस्तकं थोडक्यात सांगते. सुझन कूपर यांचं 'द ग्रे किंग' (१९७५). विल नावाचा मुलगा आजारातून उठून वेल्समधल्या शेतावर राहायला येतो. तिथे त्याला पांढऱ्या केसांचा, सोनेरी डोळ्यांचा ब्रॅन भेटतो. ब्रॅन त्याला वेल्श उच्चार शिकवतो ती जागा मोठी गमतीची आहे. पण पालकहो, यातल्या कुत्र्याचं जे होतं ते हळव्या मुलांना सोसणं कठीण आहे. त्या रात्री जवळ बसा. ॲलन गार्नर यांचं 'द आउल सर्व्हिस' (१९६७) मात्र नववी-दहावीच्या मुलांनीच हातात घ्यावं. माळ्यावर जेवणाच्या बशा सापडतात, त्यांवरची नक्षी धड फुलांची का घुबडांची ते कळत नाही. फुलांपासून घडवलेली स्त्री घुबड झाली, अशी जुनी कथा त्यामागे आहे. पुस्तक भारी आहे, पण लेखक काही म्हणजे काही समजावून सांगत नाही! मला ते दोनदा वाचावं लागलं.

आणि आयर्लंडची गोष्ट राहिलीच की! तिथल्या कथांमध्ये 'तीर ना नोग' नावाची भूमी आहे, जिथे कुणी म्हातारं होत नाही. ओशीन नावाचा वीर तिथे राहून परत येतो तर इकडे तीनशे वर्षं उलटलेली. घोड्यावरून खाली पडून जमिनीला टेकतो आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो. आपल्या पुराणातला रेवतीचा बाबा आठवला का? ब्रह्मलोकात गाणं ऐकत घटकाभर थांबला, तर खाली युगं लोटली. केट थॉम्प्सन यांनी हाच धागा धरून 'द न्यू पोलिसमन' (२००५) लिहिलं. किनव्हारा गावात कुणालाच वेळ पुरत नाही. शाळा, कामं, धावपळ, दिवस संपला! पंधरा वर्षांच्या जेजेची आई वाढदिवसाला भेट मागते ती वेळच. मग जेजे वेळ शोधायला निघतो, कारण तो कुठूनतरी चक्क गळतोय. शाळा, शिकवणी, गृहपाठ यांतून पुस्तकाला वेळ काढणाऱ्यांना हे जवळचं वाटेल. प्रकरणांच्या शेवटी आयरिश सुरावटींचं नोटेशनही दिलंय. कुणी पेटी वाजवत असेल तर बाईंना किंवा सरांना विचारून वाजवून बघा.

ही पुस्तकं इंग्रजीतली आहेत. 'बुक ऑफ थ्री'ची भाषा सातवीच्या मुलाला शब्दकोश जवळ ठेवून झेपेल. लहानांना आईबाबांनी रोज एक प्रकरण मराठीत सांगावं. नावं मात्र डोकं फिरवतात, म्हणून पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा आणि नवं पात्र आलं की त्यावर नाव टिपा. शाळेच्या किंवा गावातल्या ग्रंथालयात नसतील तर मागणीच्या वहीत लिहून या. मागितल्याशिवाय कुणी पुस्तक आणत नाही.

आणि हो, पत्र लिहून मला एक कळवा. फ्लॅमराजाची ती हार्प तुमच्या घरी असती, तर गेल्या रविवारी दिवसभरात किती तारा तुटल्या असत्या? मोठ्यांच्याही मोजा.

तुमच्या बाई