टायटॅनियम आसा गो!

तारकर्लीच्या ओल्या वाळूत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून कधी बसलायत? दोन मिनिटांत पाय रुततात आणि शहाळ्यासकट आपण तिरके! खाली फळी सरकवा, रुतणं बंद. वजन तेच, वाळू तीच, फक्त टेकायची जागा वाढली.

मणक्यात बसवायच्या इम्प्लान्टचं गणितही बरंचसं असंच असतं, बॉस. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेली पूर्व जर्मनीची कारिन यान्झ पुढे ऑर्थोपेडिक डॉक्टर झाली. (काही लोक एका जन्मात किती करतात!) तिने आणि कुर्ट शेल्नाकने तयार केलेली कृत्रिम चकती १९८४ मध्ये पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात पहिल्यांदा बसवली गेली. धातूच्या दोन तबकड्या, मध्ये प्लॅस्टिकचा गाभा. पण तबकड्या पडल्या लहान, त्या हाडात रुतायला लागल्या. दुसऱ्या मॉडेलला बाजूने पंख जोडले, तर तिथला अरुंद धातू तुटायला लागला. १९८७च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये तबकडीच रुंद केली, तेव्हा कुठे जमलं. मणक्याचं हाड कडेला दणकट आणि मधोमध नाजूक असतं, आधार कडेपर्यंत पोचायला हवा.

रॉडचंही तसंच. साडेपाचऐवजी सहा मिलिमीटरचा घेतला, की त्याच धातूत ताठपणा साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या मिलिमीटरात! मग जाडच घ्या की? नाही ना. फार ताठ रॉड हाडाच्या वाट्याचं ओझं स्वतःच खातो. आणि स्क्रूचे आटे खोल केले तर हाडातली पकड सुधारते, पण आतला दांडा बारीक होऊन तुटायची भीती. आपण मात्र बिल हातात आलं की विचारतो काय, तर ‘देशी की इंपोर्टेड?’

मालवणात माडावरून नारळ उतरवणारे एक काका भेटले. पडून मणका मोडला, गोव्यात ऑपरेशन झालं, चार स्क्रू, दोन रॉड. “टायटॅनियम आसा गो, गंजूचा नाय!” छातीठोकपणे सांगत होते. गंजणार नाही, खरंय. पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा टायटॅनियमही थकतो. तो थकायच्या आत हाड जुळायला हवं, अशी ती शर्यत. म्हणून डॉक्टरांनी वाकायला, ओझं उचलायला सक्त मनाई केलीय. काकूंनी कोयता लपवून ठेवलाय. कुठे, ते काकांना माहीत आहे.