कौतुक नको, नियम हवेत

कोरोनाच्या काळात बायकांनी घर आणि वकिली दोन्ही कशी सांभाळली, याचं कौतुक अजूनही सभासमारंभांतून ऐकू येतं. ‘तारेवरची कसरत’ हा शब्द तर ठरलेलाच. मैत्रिणींनो, मला या कौतुकाचा उबग आला आहे. कसरत करणारीला टाळ्या मिळतात. पण तार कुणी बांधली, हे कुणी विचारत नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. पोटगीची आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं माझ्याकडे जास्त. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने दावे-अपिलं दाखल करण्याची मुदत वाढवली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला. कायद्याला थांबता आलं. पण स्वयंपाक, धुणीभांडी, सासूबाईंची औषधं यांची मुदत कोण वाढवणार?

माझी सून तेव्हा एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. कॅमेरा बंद केला तर हजेरी नाही, असा तिच्या कॉलेजचा हुकूम. नवऱ्याचं आणि मुलाचं काम ‘ऑफिसचं’, म्हणून ते दार लावून चालायचं. आमचं दार मात्र उघडंच. कारण आम्ही ‘घरीच’ होतो ना! माणसं वाईट नव्हती. पण कुणाच्या कामाला दार मिळतं आणि कुणाच्या नाही, हा चांगुलपणाचा प्रश्न नाही, सत्तेचा आहे.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. १९२३ च्या कायद्याने या देशातल्या बायकांना वकिलीचं दार उघडलं, पण आतली मांडणी तशीच राहिली. घरी कुणीतरी डबा भरून देणारं आहे, असं धरूनच हा व्यवसाय चालतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे २०१७ मध्ये नोकरदार बाईची बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, तरी आमच्या पदरात काही पडलं नाही. उभं राहिलं तर फी. कोर्ट बंद झालं तेव्हा फीही बंद. ओळखीच्या दोन ज्युनिअर मुली त्या वर्षी गावी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. एकीचं लग्न लावून दिलं, दुसरी शिकवण्या घेते.

पडद्यावरच्या सुनावणीने सगळं सोपं झालं, असंही नाही. माझ्या पक्षकार बाया फोनवर फक्त ‘हो’, ‘नाही’ म्हणत. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, तोच शेजारी बसलेला. तरीही ती सोय मोलाची होती. लहान मूल घरी ठेवून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याचा त्रास तिने वाचवला. ६ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणत्याही उच्च न्यायालयाने ही सोय नाकारू नये. ती तालुक्याच्या कोर्टापर्यंत हक्क म्हणून पोचली पाहिजे. मात्र ‘तुम्ही घरूनच करा’ म्हणत बायकांना कोर्टाबाहेर ठेवायला तिचा वापर होता कामा नये.

आणखीही मागण्या आहेत. बाळंतपण आणि मुलाचं आजारपण हे तारीख मागायला पुरेसं कारण माना. कोर्टाच्या आवारात पाळणाघर द्या. लॉ कॉलेजांत बाळंतपणासाठी हजेरीची सूट प्राचार्यांच्या मर्जीवर सोडू नका. ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. सूचना पुरेशी नाही, बंधन हवं.

‘याने पक्षकारांचे खटले रेंगाळतील,’ असं काहीजण म्हणतील. सिनिअर वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले म्हणून रोज तारखा पडतात, तेव्हा हे खटले रेंगाळत नाहीत का?

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. पण कुणाच्या ना कुणाच्या घरी रोज मूल जन्मतं, म्हातारं माणूस रोज आजारी पडतं. म्हणून साथीची वाट न पाहता आपापल्या गावच्या बार असोसिएशनच्या पुढच्या सभेत हे प्रश्न लेखी मांडा. एकटीने नको, पाचजणी मिळून मांडा. आणि घरातही कामाच्या वेळेपुरतं दार लावायला सुरुवात करा.