दोन लाखांची जुनी अल्टो: आधी भावाचा हिशेब, मग कागद, मग इंजिन

सोयाबीनची पट्टी हातात आली किंवा कारखान्याचं ऊसबिल खात्यावर पडलं, की तालुक्याच्या गावात जुन्या छोट्या गाड्यांची चौकशी सुरू होते. अल्टो, वॅगनआर, सँट्रो, क्विड. घरात म्हातारी माणसं, दवाखाना चाळीस किलोमीटरवर, पावसाळ्यात लेकरांना दुचाकीवर शाळेत न्यायची पंचाईत. गाडी ही आता हौस राहिलेली नाही. पण गेल्या वर्षी या व्यवहाराचं गणित बदललं आणि गावातला भाव अजून जुन्याच गणितावर सांगितला जातो.

22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. वरचा एक ते तीन टक्के सेसही गेला. मारुतीने त्याच वेळी अल्टो के-10 ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 3 लाख 69 हजार 900 आणि एस-प्रेसोची 3 लाख 49 हजार 900 जाहीर केली. शोरूमचा आकडा आणि दारात गाडी येईपर्यंतचा आकडा वेगळा असतो, हे खरं. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे अल्टोला साधारण 40 हजार, त्यावर विमा. सगळं धरून सव्वाचार लाखांच्या पुढे जातं.

म्हणजे पाच वर्षं वापरलेल्या अल्टोला कुणी सव्वातीन लाख सांगत असेल, तर तो जीएसटी कपातीच्या आधीचा भाव सांगतोय. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने खाली यायलाच पाहिजे. विकणारा हे आपणहून सांगणार नाही. घासाघीस करताना घेणाऱ्यानेच नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवावं. ते तालुक्याच्या शोरूममध्ये फुकट मिळतं.

कर्जावर घेणाऱ्याने तर आणखी जपून. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा जास्त असतं आणि मुदत कमी. समजा दोन लाख रुपये 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी उचलले, तर हप्ता जवळपास साडेपाच हजार बसतो आणि नुसतं व्याज 62 हजारांच्या वर जातं. दोन लाखांची गाडी तिथेच दोन लाख बासष्टला पडली. टायर, बॅटरी, क्लच अजून बाजूलाच आहेत. म्हणून जुनी गाडी रोखीने परवडते, हप्त्यावर क्वचित. ज्याच्याकडे हप्त्याशिवाय मार्गच नाही, त्याने नव्या छोट्या गाडीचा हिशेब एकदा मांडून बघायला हरकत नाही.

डीलरकडून घेताना एक गोष्ट माहीत हवी. जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, पण तो पूर्ण किमतीवर नाही. डीलरने गाडी कितीला घेतली आणि कितीला विकली, त्या फरकावर तो लागतो. गाडी दोन लाखांची आणि वर 36 हजार जीएसटी, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. दोन साध्या माणसांत थेट व्यवहार झाला तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

टीटी फॉर्मवर सही म्हणजे नाव झालं नाही

इंजिन बिघडलं तर पंधरा-वीस हजारांत मिस्त्री मार्ग काढतो. कागद बिघडला तर घर अडकतं. आणि ग्रामीण भागात सगळ्यात जास्त ढिलाई इथेच आहे.

व्यवहार असा होतो: विकणारा टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म 29 आणि 30 वर, कोऱ्या सह्या करून देतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी होते. पैसे, चावी, पेढे. "नाव नंतर करून घेऊ." हे नंतर कधी वर्षभर येत नाही. तोवर गाडी तिसऱ्याला विकली जाते, त्याच कोऱ्या सह्यांवर.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवून गाडी नावावर करून घ्यायची असते. विकणाऱ्यालाही राज्यातल्या राज्यात 14 दिवसांची मुदत आहे. नोटरी हा दोघांतला करार झाला, आरटीओच्या नोंदीत त्याने काहीच बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती, नोंदीवर मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. अपघात झाला, विमा नव्हता. न्यायालयाने सांगितलं, ज्याचं नाव नोंदणीत तोच मालक, भरपाई त्यानेच द्यायची. गाडी त्याने केव्हाच विकली होती, तरी. त्यामुळे नाव बदलून घ्यायची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त असायला हवी. गावात उलटं दिसतं. पैसे आले की विकणारा फोन उचलत नाही.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर येतो, पण 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी लागते. ती केली नाही आणि गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनसही जुन्या मालकाचाच, तो गाडीबरोबर मिळत नाही. आणि चलनाचा मेसेज जातो जुन्या मालकाच्या मोबाईलवर, त्यामुळे नव्याला दंड साचल्याचं कळतच नाही.

नाव होईपर्यंत व्यवहाराचे सगळे पैसे देऊ नयेत, हा साधा उपाय. वीस-पंचवीस हजार मागे ठेवायचे आणि आरसीवर नाव आलं की द्यायचे. विकणारा खरा असेल तर तो याला नाही म्हणत नाही. नातेवाइकाकडून घेतली तरी हेच करावं. मामाची गाडी भाच्याने घेतली आणि नाव करायचं राहिलं, पुढे मामा वारले तर वारसांचे कागद गोळा करत फिरावं लागतं.

मोबाईलवर काय दिसतं

एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच काही समोर येतं: नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसी कधी संपतो, नोंदणी कुठपर्यंत वैध, गाडीवर बँकेचा बोजा आहे का. बोजा दिसत असेल तर विकणाऱ्याकडे बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 मागावा. "कर्ज कधीच फेडलंय" एवढ्यावर समाधान मानू नये, कारण आरटीओच्या नोंदीतून बोजा आपोआप उतरतोच असं नाही. थकलेली चलनं महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येतात. पुण्या-मुंबईत फिरलेल्या गाडीवर काही हजारांचा दंड सहज निघतो.

अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चलनाची एपीके फाईल उघडून खातं रिकामं झाल्याचे प्रकार राज्यभर घडले आहेत.

नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2011 ची गाडी 70 हजारांत मिळते म्हणून घेतली, तर पुन्हा पासिंगचा खर्च लगेच समोर उभा राहतो. 15 ते 20 वर्षांच्या गाडीला नूतनीकरणाची फी पाच हजार, 20 वर्षांपुढे दहा हजार, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर उशिराबद्दल महिन्याला 500 रुपये चढत राहतात. शिवाय 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. ती जुन्या मालकानेच बसवून द्यावी, चारचाकीला जीएसटीसह 879 रुपये लागतात, फार मोठी गोष्ट नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात, त्यामागे कारण आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. गाडी वाईट असेलच असं नाही. पण ती इथे वापरायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर, हे सगळं लागतं. स्वस्ताईतला बराच भाग तिथेच संपतो.

शहरातली गाडी, गावातला रस्ता

एमएच-12 किंवा एमएच-14 ची गाडी म्हणजे "एकहाती, कंपनीत सर्व्हिसिंग केलेली" असं सांगून विकली जाते. शहरात ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचं किलोमीटर कमी दिसतं, पण क्लच आणि ब्रेक जास्त झिजलेले असतात. मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. त्यापेक्षा पायातल्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटचा खड्डा खरं सांगतात. 30 हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत नसतं. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2021 ची आणि टायर 2024 चे असतील, तर ती किती फिरली असेल याचा अंदाज करावा.

इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर खर्च मोठा.

पुरात बुडालेल्या गाडीची भीती खरी आहे. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण-महाड, सप्टेंबर 2025 ला मराठवाडा आणि सोलापूर. अशी गाडी धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकते. बाहेरून कळत नाही. पायाखालचं कार्पेट उचलावं, सीटच्या रुळांवरचा गंज, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटाला दिसणारा चिखलाचा डाग बघावा. काचा बंद करून दहा मिनिटांनी आत वास घ्यावा. आजकालच्या गाडीत वायरिंग आणि सेन्सर इतके आहेत, की पाणी गेलेली गाडी वर्षभर गॅरेजवाल्याला पोसते.

बंद झालेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. शेवरलेने 2017 अखेर भारतात विक्री थांबवली, डॅटसन 2022 मध्ये गेली. बीट चालवायला चांगली गाडी होती, तळेगावलाच बनायची. पण पार्टसाठी जिल्ह्याच्या गावाला फेऱ्या मारायची तयारी असेल तरच. अल्टो-वॅगनआरचा पार्ट तालुक्यात मिळतो, म्हणूनच तिचा भाव टिकतो.

आणखी एक तारीख. 1 जुलै 2019 पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस ब्रेक त्याच्या थोडं आधी. त्यामुळे 2018 आणि 2020 च्या अल्टोत वीस-तीस हजारांचाच फरक असेल, तर तो मोजावा. घरच्यांना घेऊन हायवेवर जायचंच आहे.

गाडी बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, पाचशे-हजार त्याच्या हातावर ठेवावेत. पण विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको. आणि फोटो पाहून, आगाऊ टोकन ऑनलाइन पाठवून गाडी ठरवू नये, विकणारा स्वतःला लष्करातला सांगत असला तरी.