न दुखणारे दुखणे

पोते उचलताना कंबरेत लचक भरली तर आपण शेक घेतो, दाढ ठणकली तर तालुक्याची एस्टी धरतो. वाढलेला रक्तदाब मात्र ना ठणकतो ना सलतो. माणूस शेतात राबतो, जेवतो, झोपतो आणि आत हृदयावर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर वर्षानुवर्षे ताण पडत राहतो. मग एके सकाळी तोंड वाकडे होते, हातातला तांब्या गळून पडतो आणि घरची माणसे म्हणतात, काल तर धडधाकट होते!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांचा रक्तदाब वाढलेला होता. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ताब्यात होता तो पाचांतल्या एकाचाच.

औषध नव्हते तेव्हा काय होई, ते पाहा. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९४४ साली तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ भरला. डॉक्टरांनी विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस सांगितले. दुसरे देण्यासारखे फारसे काही नव्हतेच. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके फार दुखते असे म्हणून ते कोसळले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या वेळी वरचा आकडा ३०० च्या पुढे होता. एवढ्या मोठ्या देशाच्या अध्यक्षाला जी गोळी मिळाली नाही, ती आज तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

या गोळ्यांच्या वाटेवरचा एक टप्पा आपल्याच मातीतला आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि झोपेसाठी पूर्वापार देत. ती रक्तदाबही उतरवते, असे १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रोग्यांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापल्या. तेव्हा कुठे जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पण म्हणून कोणी मुळी उगाळून घेऊ नका. एका मुळीत औषध किती, हे घरी मोजता येत नाही. शिवाय रेसरपीनने काहींचे मन फार खिन्न होई, म्हणून तेही आता मागे पडले आहे.

दुसरा टप्पा सापाचा. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब घसरतो. तिथल्या सेर्जियो फरेरा यांनी १९६५ च्या सुमारास त्या विषातले कारण हुडकले आणि त्याच धर्तीवर अमेरिकेत कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली. १९८१ साली तिला परवानगी मिळाली. गोळीत विष नाही बरे का, ती कारखान्यात बनते. तिच्या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. तसे झाले तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. आपल्या मनाने बंद करू नका.

खरे घोडे पेंड खाते ते इथेच. महिनाभर गोळी घेतली, आकडा १३० वर आला, की आपण म्हणतो, झालो बरे. अहो, तो आकडा गोळीनेच खाली धरला आहे! गोळी सुटली की तो पुन्हा चढतो, आणि चढताना कळतही नाही.

तिशी ओलांडलेल्या घरातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा; बायकांनीही, कारण त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसावे. दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर उपचार हवाच. मीठ माणशी दिवसाला एक लहान चमचा, त्यातच लोणचे, पापड, खर्डा सगळे आले. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाणाऱ्यांनीही सावध असावे. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक सांगायचे आहे. पाच-सहा महिने गाव सुटते आणि गोळ्याही सुटतात. निघण्याआधी केंद्रात जाऊन निदान महिन्याच्या गोळ्या मागून घ्या. औषधाचे नाव आणि शेवटचा आकडा लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवला की तिथले डॉक्टर पुढची औषधे देऊ शकतील.