तपासनिसाची बदली कोणाच्या हाती?

कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ बेलेकेरी नावाचे छोटेसे बंदर आहे. बळ्ळारीच्या खाणींतून बेकायदा उपसलेले लोहखनिज टिपर भरभरून तिथे यायचे आणि जहाजांत चढून परदेशी जायचे. मार्च २०१० मध्ये वनखात्याने तिथला लाखो टनांचा साठा जप्त केला. थोड्याच दिवसांत जप्त मालाचा मोठा भाग बंदरातून गायब झाला. एवढा माल हलवायचा तर लोडर लागतात, जहाज धक्क्याला लागावे लागते, कागदांवर कुणाच्या तरी सह्या लागतात. ते सगळे मिळाले. आणि ज्या वनाधिकाऱ्याने जप्ती केली, त्याच्याच निलंबनाचा घाट घातला गेला.

त्या निलंबनाच्या निषेधार्थ कर्नाटकचे लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला. पुढे तो मागे घेऊन त्यांनी तपास तडीस नेला. २७ जुलै २०११ रोजी त्यांनी सादर केलेल्या अहवालात राज्याच्या तिजोरीचे सुमारे १६ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. चार दिवसांनी मुख्यमंत्री येडियुरप्पा पायउतार झाले. त्यांच्यावरील खटल्यात २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, हेही नोंदवले पाहिजे. तरीही राज्याच्याच एका यंत्रणेने सत्तेवरच्या मुख्यमंत्र्याचे दप्तर तपासले, ही गोष्ट या देशात विरळाच होती.

हे कर्नाटकात घडू शकले याचे श्रेय हेगडे यांच्या धैर्याला आहेच, पण १९८४ च्या कर्नाटक लोकायुक्त कायद्यातील एका तरतुदीलाही आहे. लोकायुक्तांसाठी तपास करणारे अधिकारी त्यांच्याच प्रशासकीय आणि शिस्तविषयक नियंत्रणाखाली राहतील, असे तो कायदा सांगतो. मंत्र्याच्या घराची झडती घेणाऱ्या निरीक्षकाला उद्या सकाळी आपली बदली होणार नाही, एवढी खात्री लागते. गोपनीय अहवाल कोण लिहितो आणि बदलीच्या आदेशावर सही कोणाची, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेचे सारे बळ साठलेले असते.

सत्ताधाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. २०१५ मध्ये लोकायुक्त कार्यालयातच खंडणीचे प्रकरण उघड झाले, खुद्द लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि लोकायुक्तांना पद सोडावे लागले. कुंपणच शेत खात होते. अशा वेळी कुंपण नीट करायचे असते. सिद्धरामय्या सरकारने मार्च २०१६ मध्ये ते काढूनच टाकले. लाचलुचपतीच्या तपासाचे अधिकार लोकायुक्त पोलिसांकडून काढून सरकारच्या हुकमतीतील नव्या पथकाकडे दिले गेले. लोकायुक्तांची खुर्ची २०१७ च्या जानेवारीपर्यंत रिकामीच होती. पुढे भाजपचे सरकार आले, पण त्यानेही ते पथक मोडीत काढले नाही. अखेर ११ ऑगस्ट २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

अधिकार परत मिळाल्यावर सात महिन्यांच्या आत, मार्च २०२३ मध्ये, लोकायुक्त पोलिसांनी तेव्हाच्या सत्ताधारी भाजपच्या एका आमदाराच्या मुलाला ४० लाखांची लाच घेताना पकडले. माणसे त्याच पोलीस दलातली होती. फक्त त्यांचा वरिष्ठ बदलला होता.

याने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. म्हैसूरच्या भूखंड प्रकरणात याच पोलिसांनी २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांची चौकशी केली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुरावा नसल्याचे सांगितले. निष्कर्ष बरोबरही असेल. पण हे अधिकारी ज्या पोलीस खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात, तिथेच परत जातात, हे ठाऊक असलेल्या नागरिकाच्या मनातली शंका त्याने कशी फिटावी? स्वतंत्र तपासाला स्वतंत्र केडर लागते. तेवढे कर्नाटकनेही अजून केलेले नाही. आणि बेलेकेरीच्या खटल्यात कारवारच्या विद्यमान आमदारांना शिक्षा सुनावली गेली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी; पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

आता आपल्याकडे वळू. लोकायुक्त नेमणारे देशातले पहिले राज्य महाराष्ट्र. कायदा १९७१ चा, नेमणूक १९७२ ची. मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत हे कार्यालय आहे. निवृत्तिवेतन अडलेले, सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी हेलपाटे घालून थकलेले लोक तिथे अर्ज घेऊन येतात आणि त्यांतल्या अनेकांची कामे मार्गी लागतात. ही सेवा कमी मोलाची नाही. पण लोकायुक्तांनी शिफारस करायची आणि निर्णय सरकारने घ्यायचा, ही मूळ कायद्याची चौकट. मुख्यमंत्री तर त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले ते वृत्तपत्र आणि उच्च न्यायालय यांच्यामुळे. लोकायुक्तपद तेव्हा दहा वर्षांचे होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आजही गृहखात्याखाली आहे.

अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये, विधानसभेने नवे लोकायुक्त विधेयक मंजूर केले आणि वर्षभराने विधान परिषदेने. मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणले म्हणून त्याचे कौतुक झाले. परंतु चौकशीआधी विधानसभेची दोन तृतीयांश बहुमताने संमती घेण्याची पाचर त्यात मारलेली आहे. २८८ जणांच्या सभागृहात हा आकडा १९२ होतो. सरकार टिकवायला १४५ पुरतात. म्हणजे मुख्यमंत्र्यांची चौकशी व्हायची तर त्यांच्याच पाठीराख्या आमदारांनी हात वर करायचे. २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधकांचे संख्याबळ पन्नासच्या आसपास आहे. त्यांनी एकमुखाने मागणी केली तरी लोकायुक्तांना फाइल उघडता येणार नाही. ही अट वगळणारी आणि तपास अधिकाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या व गोपनीय अहवाल लोकायुक्तांच्या हाती देणारी दुरुस्ती सरकारने विधिमंडळात आणावी. सरकारने ती आणली नाही, तर विरोधी आमदारांनी अशासकीय विधेयक मांडून कोण कोणत्या बाजूला आहे, हे सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घ्यावे.