व्होल्टचा आकडा आणि फांदीची जाडी

बॅटरीवर चालणारी चेनसॉ, म्हणजेच साखळी-करवत, आता केवळ लाकूडतोड्यांचे अवजार राहिलेली नाही. बंगल्याच्या आवारातील आंब्यापासून हिमाचलातील सफरचंदाच्या बागेपर्यंत छाटणीसाठी ती विकत घेतली जाते. ती निवडताना ग्राहकाची नजर खोक्यावरील सर्वांत ठळक आकड्यावर खिळते, आणि तो आकडा व्होल्टचा असतो. व्होल्ट जितके अधिक तितकी करवत बलवान, हा समज दहावीच्या विज्ञानापुढेही टिकत नाही. तरीही विक्री त्याच समजावर होते.

एका लिथियम-आयन घटाचे विभवांतर वापरात सरासरी ३.६ व्होल्ट असते आणि घट पूर्ण भारित झाल्यावर ते ४.२ व्होल्टपर्यंत चढते. असे पाच घट एकसर जोडणीत ठेवले की १८ व्होल्टची बॅटरी तयार होते. तिलाच कोणी ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणतो, तर कोणी ‘२१ व्होल्ट’. नावे तीन असली तरी बॅटरी एकच. पाच घटांच्या बॅटरीवर ४८ किंवा ८८ असा आकडा छापला, म्हणून तिचे विभवांतर २१ व्होल्टच्या पुढे जात नाही.

करवत किती कापील हे ऊर्जेवर ठरते, आणि ऊर्जा म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास ऊर्जा असते. ३६ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांच्या बॅटरीतही तेवढीच. ओल्या लाकडात शिरताना करवत ६०० वॉट शक्ती घेते असे धरले, तर ७२ वॉट-तासांत सुमारे सात मिनिटे सलग कापता येईल. १८ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-तासांची स्वस्त बॅटरी त्याच हिशेबाने तीन मिनिटेही पुरणार नाही.

याचा अर्थ व्होल्ट निरर्थक आहेत असा नव्हे. तीच शक्ती दुप्पट विभवांतरावर घेतली की विद्युतधारा निम्मी होते, आणि तारा व जोडण्यांचा रोध तोच असेल, तर त्यांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. जाड ओंडक्यांच्या दीर्घ कामासाठी म्हणूनच अधिक विभवांतराची यंत्रे योग्य ठरतात. घरच्या बागेतील छाटणी हे तसे काम नाही.

छाटणीचा हिशेब फांदीपासून सुरू व्हायला हवा. कापायचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ सेंमी जाडीची फांदी ५ सेंमीच्या फांदीच्या नऊपट काम मागते. बहुतेक फांद्या ५ सेंमीच्या आतील असतील, तर हातकरवत पुरेशी आहे. शिवाय कापण्याचा अधिकार यंत्राबरोबर मिळत नाही. दिल्लीत १५.७ सेंमी घेरापर्यंतच्या, म्हणजे ५ सेंमी व्यासाच्या, फांद्या वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवली.

हवामानाचाही विचार हवा. सफरचंदाची छाटणी हिवाळ्यात होते, आणि शून्य अंशाखाली भारित केलेल्या घटात ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून तो कायमचा बिघडू शकतो. उलट, उत्तरेच्या मैदानी भागात उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी तापमानामुळेच लवकर म्हातारी होते.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षेची. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की फिरती साखळी सारी करवतच मागे, धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळवते. हा झटका बसताच साखळी रोखणारा चेन ब्रेक एका हाताने धरायच्या अनेक छोट्या करवतींत नसतो. शिडीवर उभे राहून, एका हाताने अशी करवत चालवणाऱ्या माळ्याला ८८ हा आकडा वाचवू शकत नाही.

विमान कंपन्या प्रवाशाच्या बॅटरीची मर्यादा वॉट-तासांत मोजतात; १०० वॉट-तासांपुढे त्यांची परवानगी लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली आहे. मग विक्रीच्या वेळीच वॉट-तास, घटांची संख्या आणि चेन ब्रेक आहे की नाही, ही माहिती खोक्यावर ठळक छापण्याची सक्ती का नसावी? तशी सक्ती होईपर्यंत ग्राहकाने व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे, फांदीचा घेर मोजावा आणि मगच पैसे मोजावेत.